कॉपी केसला भरारी पथक, बनावट आकड्यांना कोण?

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : बनावट संशोधनाची तक्रार कुठे करायची आणि ती आल्यावर काय करायचे, हे ठरवण्याबाबत

स.न.वि.वि.

परीक्षेत एखाद्या मुलाच्या बाहीत चिठ्ठी सापडली, तर पुढे काय करायचे हे आपल्या कोणत्याही महाविद्यालयात कुणाला विचारावे लागत नाही. उत्तरपत्रिका काढून घेतली जाते, चिठ्ठी तिला जोडली जाते, मुलाचा जबाब लिहून घेतला जातो, पर्यवेक्षक आणि केंद्रप्रमुख सह्या करतात आणि लखोटा सील होऊन विद्यापीठाकडे जातो. त्यासाठी भरारी पथके आहेत, चौकशी समित्या आहेत, शिक्षेचे तक्ते आहेत. १९८२ चा राज्याचा कायदाही आहे. एवढा सगळा बंदोबस्त एफ.वाय.च्या, फार तर अर्धे पान नक्कल केलेल्या पोरासाठी.

त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकाने न केलेल्या प्रयोगाचे आकडे तक्त्यात भरले, एका नमुन्याचा आलेख दुसऱ्याच्या नावावर खपवला, किंवा शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे फॉर्म घरी बसून स्वतःच भरले, तर? अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा? कोणाच्या नावे? मी बरीच वर्षे पीएच.डी.चा मार्गदर्शक आहे, विभागातल्या समित्यांवर बसलेलो आहे, आणि या प्रश्नाचे सरळ उत्तर मला देता येत नाही.

यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत की, असे आपल्यापैकी काही जण म्हणतील. आहेत, आणि ते आले हे चांगलेच झाले. पण ते वाङ्मयचौर्यापुरते आहेत. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध सादर करायला बंदी. ६० च्या वर नोंदणीच रद्द. शिक्षकांच्या शोधनिबंधांसाठीही अशाच पायऱ्या आहेत : निबंध मागे घेणे, वेतनवाढ रोखणे, दोन किंवा तीन वर्षे नवे विद्यार्थी घेण्यास मनाई. सगळे कसे टक्क्यांत मोजलेले. परिणाम असा की आमच्या मुलांना संशोधनातला प्रामाणिकपणा म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्टवरचा, सॉफ्टवेअरने काढलेला साम्याचा आकडा वाटू लागला आहे. ‘तुझं किती आलं?’ ‘नऊ.’ ‘सुटलास.’ आकडा खाली आणून देणारे लोकही आता मिळतात. ते वाक्ये उलटीपालटी करतात, ‘वाढ’च्या जागी ‘वृद्धी’ घालतात, आणि प्रबंध शुद्ध होऊन बाहेर पडतो.

बनावट आकड्यांचे साम्य कशाशीच नसते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते जगातले सर्वात मौलिक लेखन असते. मनाने रचलेल्या तक्त्याला शून्य टक्के मिळतात आणि कुणाच्या तरी खऱ्या प्रयोगाचे चार परिच्छेद उचलणारा पकडला जातो. दोघेही चुकलेच आहेत, पण पहिल्याच्या आकड्यांवर उद्या कुणी औषधाची मात्रा ठरवू शकतो किंवा एखाद्या तालुक्यासाठी पाण्याची योजना आखू शकतो.

गंमत म्हणजे हे आपण मुलांना शिकवतो. २०१९ च्या शेवटी यूजीसीने पीएच.डी.च्या सर्व विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. फॅब्रिकेशन (आकडे मनाने रचणे) म्हणजे काय, फॉल्सिफिकेशन (आकड्यांत फेरफार करणे) म्हणजे काय, हे त्यात आहे. मुले व्याख्या पाठ करतात, उत्तर लिहितात, गुण मिळवतात. शेजारच्या टेबलावर तेच घडताना दिसले तर कोणाचे दार ठोठवायचे, तो पत्ता मात्र त्यांना कुणी देत नाही.

एक विद्यार्थिनी अशी आलेली मला आठवते. माझी नव्हे, दुसऱ्या ठिकाणची, जेआरएफ या संशोधन फेलोशिपवर काम करणारी. तिने लॅपटॉपवर दोन एक्सआरडी (पदार्थावर क्ष-किरण टाकून त्याची रचना तपासणाऱ्या यंत्राचे) आलेख एकावर एक ठेवून दाखवले. आलेख एकाच प्रकाशित निबंधातले, नमुने मात्र वेगवेगळे, वेगळ्या तापमानाला भाजलेले. शिखरांच्या उंचीत थोडा फरक होता, पण तळाशी यंत्राची जी बारीक थरथर येते ती दोन्हींत तंतोतंत सारखी. ज्यांनी हे यंत्र वापरले आहे त्यांना माहीत आहे की एकच नमुना दोनदा लावला तरी ती थरथर जुळत नाही. म्हणजे एक आलेख दुसऱ्यातूनच काढला होता. काम तिच्या सीनियरचे, निबंधावर नाव गाईडचे. ती विभागप्रमुखांकडे गेली होती. ते वाईट गृहस्थ नव्हते. ते म्हणाले, ‘आधी तुझं सबमिशन होऊ दे.’

या एका वाक्यात आपली सध्याची सारी पद्धत आली. कारण तिचे सबमिशन कोणाच्या हातात? गाईडच्या. फेलोशिपच्या प्रगती अहवालावर सही गाईडची. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपवरची मुले घ्या किंवा नेट-जेआरएफची, घरभाडे आणि खानावळीचे पैसे त्या एका सहीवर अडलेले असतात. सिनॉप्सिसला, म्हणजे प्रबंधाच्या सारांशाला, संमती त्यांची, पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र त्यांचेच. अशा मुलीला ‘पुरावे घेऊन या, लेखी द्या, नाव घाला’ म्हणणे सोपे आहे. तिने लेखी दिले नाही. तिचा प्रबंध वेळेत झाला आणि तो निबंध आजही जिथल्या तिथे आहे.

२०१८ च्या नियमांनुसार तक्रार आधी विभागीय समितीकडे जाते, आणि तिचे अध्यक्ष विभागप्रमुख असतात. कागदावर यात काही गैर नाही. प्रत्यक्षात आपल्या विद्यापीठांतले विभाग कसे आहेत ते आपण जाणताच : मंजूर जागा दहा-बारा, भरलेल्या चार-पाच, बाकी तासिका तत्त्वावर. विभागप्रमुखपद आलटून पालटून. आज ज्याची चौकशी करायची तो उद्या आपल्या कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलवर सही करणार. त्यांच्यात वैर असेल तर चौकशी सूडाची होते, मैत्री असेल तर ती होतच नाही. दोन्ही प्रकारांत खरे काय ते कळत नाही.

संस्थांनी स्वतःची चौकशी स्वतः केली की काय होते, याची उदाहरणे आपल्या घरातलीच आहेत. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतून २००५ मध्ये एका नामांकित अमेरिकन जर्नलमध्ये निबंध आला. २००६ मध्ये निनावी ईमेल फिरू लागली : यातल्या प्रथिनांच्या पट्ट्यांच्या प्रतिमा याच प्रयोगशाळेच्या आधीच्या निबंधातून उचलल्या आहेत. संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली, तिला गैरप्रकार आढळला नाही. जर्नलने स्वतः तपासले आणि २००७ मध्ये निबंध मागे घेतला. देशातल्या शास्त्रज्ञांत तट पडले. २०१० मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने संबंधित शास्त्रज्ञाला तीन वर्षे आपल्या उपक्रमांतून दूर ठेवले. एकाच कागदावर तीन ठिकाणी तीन निवाडे झाले. कोण बरोबर होते, यात मी इथे शिरत नाही. प्रतिमा या प्रयोगातली की त्या, हा प्रश्न मतांनी सुटत नाही, मूळ फिल्मने आणि त्या दिवसाच्या नोंदवहीने सुटतो. तो मतांवर सोडला की वर्षे जातात.

चंडीगडची गोष्ट याहून लांबलेली. पंजाब विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक व्ही. जे. गुप्ता यांनी सुमारे पाव शतक हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो निबंध लिहिले, सहलेखक शंभरावर. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांना संशय आला, कारण ‘हिमालयात सापडलेले’ काही जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या आणि मोरोक्कोतल्या प्रसिद्ध नमुन्यांसारखे हुबेहूब होते. १९८७ मध्ये कॅल्गरीच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापले. गुप्तांच्याच विभागातले, त्यांच्याबरोबर निबंध लिहिलेले अरुण दीप अहलुवालिया यांनीही उघडपणे बोलायचे धाडस केले. विद्यापीठाने निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी लावली. १९९४ मध्ये आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल आला. नोकरी मात्र शाबूत राहिली आणि २००२ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले. या काळात हिमालयाच्या भूशास्त्रावर काम करणाऱ्या किती प्रामाणिक लोकांनी त्या खोट्या ठिकाणांवर आपले नकाशे बेतले असतील, याचा विचार करा. नंतर प्रत्येक संदर्भ पुन्हा तपासत बसणे त्यांच्याच नशिबी आले.

कुलगुरूपदही यातून सुटलेले नाही. नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठाचे कुलगुरू बी. एस. राजपूत यांच्यावर २००२ मध्ये स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांचा निबंध उचलल्याचा आरोप झाला. स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञांनी, त्यांत नोबेल विजेतेही होते, थेट राष्ट्रपती कलाम यांना पत्र लिहिले. मग चौकशी झाली, २००३ मध्ये राजीनामा आला. जे काम विद्यापीठाच्या आवारात व्हायला हवे होते त्यासाठी कॅलिफोर्नियाहून राष्ट्रपती भवनात पत्र जावे लागले.

आपल्याकडेच असे होते, असा समज करून घेऊ नका. स्टॉकहोमची कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट वैद्यकशास्त्राचे नोबेल कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्यांची संस्था. पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने कृत्रिम श्वासनलिका बसवलेल्या रुग्णांबद्दल निबंधांत लिहिले ते खरे नाही, अशी तक्रार तिथल्याच चार डॉक्टरांनी २०१४ मध्ये केली. बाहेरच्या तज्ज्ञाने २०१५ मध्ये गैरप्रकार झाल्याचे सांगितले. कुलगुरूंनी काही महिन्यांत तो निष्कर्ष बाजूला ठेवून मॅकियारिनींना निर्दोष ठरवले. जानेवारी २०१६ मध्ये टीव्हीवर वृत्तपट आला आणि फेब्रुवारीत कुलगुरू गेले. २०१८ च्या फेरनिकालात सात जण दोषी ठरले, त्यांत तक्रार करणाऱ्या डॉक्टरांपैकीही एक होता. सहलेखक म्हणून त्याचे नाव निबंधावर होते ना! यातून स्वीडनने जो धडा घेतला तो आपल्या कामाचा आहे. १ जानेवारी २०२० पासून गंभीर प्रकरणांची चौकशी विद्यापीठांकडून काढून एका स्वतंत्र राष्ट्रीय मंडळाकडे दिली.

तसे राष्ट्रीय मंडळ आपल्याकडे कधी होईल ते होवो. तोवर आपल्या अधिकारात जे आहे त्याबद्दल बोलतो. माझे मुख्य मागणे एकच आहे : बनावट आकड्यांची तक्रार हातात पडली की त्याच दिवशी मूळ नोंदी ताब्यात घ्या. समिती नंतर नेमा, तक्रारदाराचा हेतू नंतर पाहा, खुलासा नंतर मागवा. आधी प्रयोगवही, यंत्राच्या संगणकावरच्या फाइली, यंत्राचे लॉगबुक, भरलेले फॉर्म, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, जे असेल ते. रीतसर पंचनामा करा, यादीवर संशोधकाची सही घ्या, कामासाठी लागणाऱ्या प्रती त्याला लगेच द्या, मूळ सील करा. अमेरिकेत सरकारी आरोग्य निधीवर चालणाऱ्या संशोधनाला हा नियमच आहे : ज्याच्यावर आरोप आहे त्याला कळवण्याच्या आधी, निदान कळवण्याच्या दिवशी, नोंदी ताब्यात घ्यायच्या. आपल्याकडे उलटे होते. आधी ‘आपल्याविरुद्ध अशी अशी तक्रार आली आहे, पंधरा दिवसांत खुलासा करावा’ असे पत्र जाते. पंधरा दिवसांत हार्ड डिस्क बिघडते, वही पावसात भिजते आणि ‘तो विद्यार्थी सोडून गेला, डेटा त्याच्याकडेच होता’ असा खुलासा येतो.

कॉपी केसमध्ये उत्तरपत्रिका आधी काढून घेतात, याला कारण आहे. ते सूत्र इथेही लागू करा, एवढेच म्हणतो.

नोंदी सील करणे म्हणजे शिक्षा नव्हे, हे परिपत्रकात स्पष्ट लिहा. आपल्या विद्यापीठांत तक्रार हे शस्त्र म्हणूनही वापरले जाते. अधिसभेची निवडणूक जवळ आली, विभागप्रमुखपदाची पाळी बदलणार असली, एखाद्या आरक्षित जागेवरच्या नव्या शिक्षिकेने कुणाची मक्तेदारी मोडली, की अर्जांचा पाऊस पडतो. अशा वेळी निर्दोष माणसाला त्याची सीलबंद वहीच वाचवते. आलेखात चुकून दोनदा एकच फाइल डकवली गेली, असे प्रामाणिक घोटाळे होतात. मूळ फाइल दाखवली की विषय आठवड्यात मिटतो, जर्नलला दुरुस्ती पाठवली की संपतो. वही नसेल तर तोच माणूस वर्षानुवर्षे संशयाखाली राहतो.

म्हणून निनावी तक्रारींनाही मी घाबरू नका म्हणतो. नाव नाही म्हणून अर्ज दप्तरी दाखल करण्याची आपली जुनी सवय आहे, सरकारी कारभारात तिला आधारही सापडतो. पण ‘अमुक निबंधातील आकृती ४ आणि आकृती ७ एकच आहेत’ हे सांगणाऱ्याचे नाव कशाला हवे? निबंध उघडा आणि पाहा. संशोधक एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ४० जर्नल्समधले २०,६२१ निबंध असे नुसत्या डोळ्यांनी तपासले आणि ३.८ टक्क्यांत संशयास्पद प्रतिमा दाखवल्या. त्यासाठी त्यांना कुणाचा जबाब घ्यावा लागला नाही. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी निनावी पत्रे केराच्या टोपलीत खुशाल टाका. आकृतीचा क्रमांक देणारे पत्र टाकू नका.

दुसरे, माणूस ठरवा. रॅगिंगसाठी प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर दूरध्वनी क्रमांक रंगवलेला असतो. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समितीचा फलक असतो, त्यावर नावे असतात, समितीत बाहेरची व्यक्ती असते, चौकशीला ९० दिवसांची मुदत असते. त्या समित्या सगळीकडे नीट चालतात असे मी म्हणणार नाही. पण मुलीला निदान कुठे जायचे ते माहीत असते. संशोधनासाठी असा एक अधिकारी नेमा, विभागाबाहेरचा, शक्यतो दुसऱ्या विद्यापीठातला निवृत्त संशोधक, ज्याचे कॅस, जागा, निधी काहीही तुमच्याकडे अडकलेले नाही. समितीत निदान दोन जण बाहेरचे आणि त्या विषयातले हवेत. एक्सआरडीच्या आलेखावर इतिहासाच्या अधिष्ठात्यांनी निर्णय द्यावा, हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

आणि तक्रार करणारा विद्यार्थी असेल तर त्याच आठवड्यात दुसरा गाईड आणि फेलोशिपच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार त्या दुसऱ्या गाईडकडे. चौकशीचा निकाल काय लागतो याच्याशी याचा संबंध ठेवू नका. तक्रार टिकली नाही तरी, ती खोडसाळ होती असे सिद्ध होईपर्यंत, त्याची वर्षे वाया जाता कामा नयेत. व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाने एवढे होते.

तिसरी गोष्ट आपल्यातल्या अनेकांना आवडणार नाही. निकाल जाहीर करा. बनावट ठरलेला निबंध मागे घ्यावा म्हणून जर्नलला विद्यापीठाच्या नावाने पत्र गेले पाहिजे, संशोधकाने ‘स्वेच्छेने’ पाठवलेले नव्हे. निर्दोष सुटलेल्याचाही निकाल, त्याची इच्छा असेल तर, संकेतस्थळावर यावा. इथे अडचण कुठे येते ते मला कळते. २०२५ पासून एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा होऊ लागले आहेत. हेतू चांगला असेल. पण जे विद्यापीठ स्वतः शोधून, स्वतः पत्र लिहून घाण साफ करेल त्याचे गुण जाणार, आणि जे झाकून ठेवेल त्याचे शाबूत राहणार. स्वतःहून मागे घेतलेल्या निबंधांना यातून सूट मिळावी, अशी मागणी आपण सर्व कुलगुरूंनी मिळून दिल्लीत करावी. एकेकट्याने केली तर ‘यांच्याकडे काहीतरी असणार’ अशी कुजबुज होईल.

हे आताच का, असेही विचाराल. २०१८ मध्ये पुण्यातल्याच अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले होते की विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या यादीत आलेल्या, त्यांनी तपासलेल्या १,००९ जर्नल्सपैकी ८८ टक्के किमान निकषांतही बसत नव्हती. त्यानंतर मान्य जर्नल्सची नवी केअर यादी आली आणि तिचे कामही पुण्यातून चालले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणजे ‘यादीत होते, आम्ही छापले’ ही ढाल गेली. आता जे विद्यापीठाच्या नावाने छापले जाईल त्याचा जाब विद्यापीठालाच द्यावा लागणार.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. नोंदी ताब्यात घ्यायच्या तर त्या असाव्या लागतात. आज प्रबंधाची पीडीएफ शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाते आणि डेटा मुलाच्या लॅपटॉपबरोबर सांगलीला, नांदेडला, नाहीतर जर्मनीला जातो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) येण्यापूर्वी मूळ डेटाची एक प्रत ग्रंथालयात जमा झाल्याचा दाखला मागा, ना-हरकत प्रमाणपत्रे मागता तसाच. मुलाखत देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवायची असतील तिथे बंद लखोट्यात. नोंदवहीच्या पानांना क्रमांक आणि दर महिन्याला गाईडची तारखेसह सही, हा नियम प्री-पीएच.डी.च्या पहिल्याच तासाला सांगितला तर मुलांना तो जाचक वाटणार नाही. गाईडांना वाटेल. त्यांत मीही आलो.

येत्या विद्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही विनंती. ठरावाचा मसुदा करायला मी आणि माझ्यासारखे काही शिक्षक कधीही येऊ. प्रवासभत्ता नको. अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक असलेला फलक प्रयोगशाळांच्या बाहेर केव्हा लागेल, तेवढी तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
एक पीएच.डी. मार्गदर्शक